खोक्यात जहाज नसते

घरी येणारे बहुतेक पाहुणे दिवाणखान्यातल्या जहाजापाशी थांबतात, वाकून ते न्याहाळतात आणि हमखास विचारतात, "हे किटमधून केलेत ना? म्हणजे भाग सगळे तयारच येत असतील, फक्त जोडायचे?" प्रश्न रास्त आहे. उभ्याउभ्या त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून येथे सविस्तर देते.

हे जहाज म्हणजे 'ब्लूनोज'ची लाकडी प्रतिकृती. मी राहते त्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात ब्लूनोजचे नाव घराघरांत माहीत आहे. लुनेनबर्गच्या गोदीत बांधलेली ही दोन डोलकाठ्यांची स्कूनर, म्हणजे शिडाचे जहाज, २६ मार्च १९२१ रोजी पाण्यात उतरली. ग्रँड बँक्स या अटलांटिकमधल्या उथळ समुद्रपट्ट्यात कॉड मासे पकडणे हे तिचे रोजचे काम. पण १९२० साली हॅलिफॅक्सच्या एका वृत्तपत्राने मच्छीमार जहाजांची जी शर्यत सुरू केली होती, तीही बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि त्या शर्यतीचा चषक तिने पाण्यात उतरली त्याच वर्षी जिंकला. १९३७ पासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर तिचे चित्र आहे. १९४६ साली हैतीजवळच्या खडकांवर आपटून ती बुडाली. तिचा आराखडा विल्यम रूए यांचा. ते तेव्हा घरच्या शीतपेयांच्या धंद्यात होते आणि जहाजांचे आरेखन स्वतःच शिकले होते. त्यांनी कागदावर काढलेली वळणे मला लाकडात उतरवायची होती.

माझे किट मूळ जहाजाच्या चौसष्टाव्या हिश्श्याचे आहे, त्यामुळे १४३ फुटांची ब्लूनोज साधारण ६८ सेंटिमीटरांत मावते. खोके उघडल्यावर हाती येतो लेझरने कापलेला मधला कणा, त्यावर आडव्या बसणाऱ्या चौकटी, दोऱ्यांची रिळे, पितळेच्या बारीक वस्तू, मोठाले नकाशे आणि बासवूड नावाच्या मऊ, फिकट लाकडाच्या पट्ट्यांच्या जुड्या. या पट्ट्या फुटपट्टीसारख्या सरळ असतात. जहाजाच्या बाजूवर मात्र सरळ रेष शोधूनही सापडत नाही, आणि किटमधले खरे काम नेमके येथे सुरू होते.

आधी चौकटींच्या कडा घासाव्या लागतात. त्या काटकोनात कापलेल्या असतात आणि जहाज तर नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळते होत जाते. तेव्हा प्रत्येक कडेला तिच्या जागेपुरता उतार दिला नाही, तर वरची फळी फक्त कोपऱ्यावर टेकते आणि गोंद धरत नाही. एक लवचीक पट्टी चार-पाच चौकटींवर आडवी दाबून धरायची, कोठे फट दिसते ते पाहायचे, पॉलिशपेपरचे दोन हात फिरवायचे आणि पुन्हा पाहायचे. याला मला तीन आठवडे लागले, आणि त्यातला एक दिवसही वाया गेला असे मला वाटत नाही.

मग फळ्या. माझ्या मधल्या चौकटीची कड वरपासून कण्यापर्यंत ११२ मिलिमीटर भरली; नाळेजवळच्या चौकटीची जेमतेम ७०. पट्टी ४ मिलिमीटर रुंद, म्हणजे मध्यावर २८ फळ्या हव्यात, आणि त्याच २८ फळ्यांनी नाळेजवळच्या ७० मिलिमीटरांत मावायला हवे. तेथे प्रत्येकीच्या वाट्याला अडीच मिलिमीटर येतात. म्हणून एकेक फळी मध्यापासून टोकापर्यंत रंध्याने निमुळती करावी लागते, तीही रुंदी निम्म्याच्या खाली जाऊ न देता, कारण त्याहून अरुंद टोक दुबळे होते.

पहिल्या खेपेला मी हा हिशेब केला नव्हता. पट्ट्या जशा आल्या तशाच वाकवून चिकटवत गेले. सहाव्या फळीला नाळेजवळ कडा एकमेकींवर चढू लागल्या आणि आठवी तर धनुष्यासारखी उचलली गेली. मला फार वाईट वाटले. फेव्हिकॉलसारखा तो पांढरा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटतो. ब्रशने तो सांध्यांत सोडून, दहा-दहा मिनिटे थांबून, पातळ पात्याने मी आठही फळ्या उतरवल्या आणि नव्याने आखणी केली.

दुसऱ्या खेपेला फळी अर्धा तास पाण्यात भिजवून, केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा देत बोटांनी हळूहळू वळवली. घाई केली की आतल्या बाजूचे तंतू चुरगळतात; नेमका दाब दिला की लाकूड एका क्षणी ऐकते, आणि ते बोटांना आधी कळते. मग ती कपड्यांच्या चिमट्यांनी चौकटींवर अडकवून रात्रभर वाळू द्यायची आणि सकाळी गोंद लावायचा. रात्रीला दोन फळ्या, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. एकाच अंगाला भराभर लावत गेले तर कणा पीळ घेतो. शेवटच्या फळीची जागा दोन्ही टोकांना वेगळी असते, म्हणून त्या फटीवर पारदर्शक चिकटपट्टी लावून कडा पेन्सिलीने गिरवल्या, तीच चिकटपट्टी लाकडावर डकवली आणि त्या रेषेवर कापले. सांधा बसला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

डेक, डोलकाठ्या आणि दोर यांत पुढचे आठ महिने गेले. ते काम सुंदर आहे, पण त्यात नकाशा बराचसा हात धरून नेतो.

त्या जुड्यांतल्या काही पट्ट्या उरल्या आहेत. आता कोणी विचारले, की मी त्यांतली एक पाहुण्यांच्या हाती देते आणि जहाजाच्या कुशीला लावून पाहा म्हणते. ती एका ठिकाणी टेकते, आणि दोन्ही टोके हवेत राहतात.