नव्या नाकाला ऊन कळत नाही

तेंदूपत्त्याच्या हंगामात आमच्या उपकेंद्राची ओपीडी लवकर ओसरते. चंद्रपूर जिल्ह्याच्या झाडीपट्टीतलं, जंगलाला लागून असलेलं गाव. माणसं पहाटेच पानं तोडायला जातात आणि दुपारी घरोघरी पुडे बांधत बसतात. त्यामुळे मे महिन्यातल्या त्या भरदुपारी आशाताई एका बाईला हाताला धरून आत घेऊन आल्या, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. बाईच्या मागून तिची सासू येत होती.

बाईच्या नाकाच्या शेंड्यावर आणि डाव्या नाकपुडीवर पाण्याने टरारलेले फोड होते. त्यावर कोणीतरी टूथपेस्ट लावलेली, ती वाळून तिचे पापुद्रे सुटत होते. दुसऱ्या कोणाचं नाक असतं तर मी इतकी हादरले नसते. पण हे नाक तिच्या कपाळाच्या कातडीतून घडवलेलं होतं.

आदल्या वर्षी मोहफुलं वेचताना तिच्यावर अस्वलाने हल्ला केला होता. मोहाची फुलं रात्री-पहाटे गळतात. ती माणसांना हवी असतात तशी अस्वलांनाही, आणि दोघांची यायची वेळ एकच. त्या हल्ल्यात तिच्या नाकाचा बराचसा भाग गेला. हिवाळ्यात नागपूरला ऑपरेशन झालं. कपाळाच्या कातडीचा एक पट्टा उचलून, एका बाजूने जोडलेलाच ठेवून, खाली नाकावर वळवतात. तो जोडलेला देठ रक्त पुरवत राहतो. नाकाच्या जागी कातडी रुजली, की साधारण तीन आठवड्यांनी देठ कापतात. ही रीत आपल्याच मातीतली आहे. पुण्याजवळ झालेल्या अशा ऑपरेशनचं वर्णन १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आलं आणि मग ती युरोपात पसरली. तो रुग्ण इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा गाडीवान होता. बैलगाडी हाकणारा माणूस, म्हणजे पोट उन्हातच. नवं नाक घेऊन त्यानेही दिवस उन्हात काढले असणार, असं मला त्याच्याबद्दल नेहमी वाटतं.

आधी मला बघायचं होतं ते रक्त. वळवलेल्या कातडीचा रक्तपुरवठा बिघडला तर ती गार पडते, काळीनिळी होते. सावळ्या कातडीवर रंगातला फरक चटकन कळत नाही, म्हणून मी तिला खिडकीजवळ बसवलं. फोड नसलेल्या जागी हलकेच बोट दाबलं आणि सोडलं. फिका पडलेला ठिपका भरून आला. कातडी ऊबदार होती. मी ई-संजीवनीवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्लासेवेवरून, डॉक्टरांशी बोलले आणि फोटो तिच्या नागपूरच्या सर्जनना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. पोळलंय, पण कातडी जिवंत आहे. फोड फोडू नका, बर्फ लावू नका.

साध्या गार पाण्यात भिजवलेली स्वच्छ घडी नाकावर टेकवत टूथपेस्ट सोडवली. त्याला बराच वेळ लागला. मग व्हॅसलीनचा पातळ थर, वर सैल गॉज, दुखलं तर पॅरासिटामॉल. पण दुखतच नव्हतं. मी विचारलं, एवढे फोड येईपर्यंत सावलीत का नाही गेलीस?

"मले काईच नाई समजलं जी मॅडम. आग झाली असती त मी पदर घेतलाच असता."

ऊन लागलं की आपलं नाक चुरचुरतं आणि आपण नकळत तोंड फिरवतो. देठ कापताना कपाळाकडून येणारे संवेदनेचे बारीक धागेही तुटतात. नाकाला स्पर्श पुन्हा कळायला महिनेच्या महिने लागतात आणि तोही पुरता परत येईल याची खात्री नसते. तोवर ऊन किती झालं हे त्या नाकाला विचारून उपयोग नाही. शिवाय नव्या व्रणाला ऊन लागलं की तिथल्या रंगपेशी जास्तीचा रंग तयार करतात, आणि तो काळसर पट्टा कधीकधी कायमचा राहतो. ज्या बाईने वर्षभर तोंड लपवून काढलं, तिच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

मी म्हटलं, अगं, सगळ्या पोरी दुपट्टा बांधून फिरतात, तू का नाही बांधलास? उत्तर सासूने दिलं, आणि त्यात रागही होता.

"डॉक्टरनं सांगतलं, नाकाले कायचाच दाब नाई पायजे. मंग दुपट्टा कसा बांधू द्याव तिले?"

त्या माउलीचं काहीच चुकलं नव्हतं. दवाखान्यातून सोडताना दिलेल्या कार्डावर दोन्ही ओळी छापलेल्या होत्या. 'नाकावर दाब देऊ नये' आणि 'उन्हापासून संरक्षण करावे'. पहिली ओळ त्यांनी जिवापाड पाळली. दुसरी कशी पाळायची हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. घरात बसा म्हणणं सोपं आहे. सत्तर पानांचा एक पुडा, असे शेकडो पुडे फडावर, म्हणजे पानं विकत घेतात तिथे, गेले तर पावसाळ्याआधी घरात पैसा येतो. हंगाम थोड्याच दिवसांचा. तो बुडवा, असं मी कोणत्या तोंडाने सांगणार?

सर्जनना पुन्हा फोन लावला आणि तिचा दिवस तासातासाने सांगितला. किती वाजता निघते, सावली कुठे, फडावर कधी जायचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत जंगल बंद, त्यावर तडजोड नाही. तोवर तिने घरात बसून पुडे बांधायचे आणि फडावर सासूने न्यायचे. नंतर जंगलात जायचं ते पहाटेच. परतायची खूण तिला अंगणात उभी करून दाखवली: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की निघायचं, कारण तिथून पुढे ऊन फार जाळतं. जंगलात घड्याळ कोण बघतं? सावली पायाशीच असते.

उरला दाबाचा प्रश्न. तो आशाताईंनी सोडवला. त्यांच्या ओळखीच्या बुरडाकडून बांबूच्या कामट्यांचं रुंद कड विणून घेतलं, डोक्याला लागू नये म्हणून आत जुन्या लुगड्याची चुंबळ बसवली. समोरून पातळ सुती कापड सोडलं. ते कडेवरून लोंबतं, नाकाला टेकत नाही. घालून पाहिलं तेव्हा सावली नाक ओलांडून ओठांवर पडत होती. पाहिजे होती तशीच.

सनस्क्रीनही लागणारच होतं, पण फोडांवर नाही, नवी कातडी आल्यावरच. एसपीएफ तीस किंवा जास्त, बाहेर पडण्याआधी जाडसर थर, दर दोन तासांनी पुन्हा, घाम पुसला तर लगेच. आमच्या कपाटात ते नसतं. तिच्या नवऱ्याने नागपूरहून एक ट्यूब आणली. गोरं करणारी क्रीम त्याऐवजी चालेल का, असं तिने विचारलं, तेव्हा मी घाईने नाही म्हटलं. तसल्या क्रीममध्ये काय काय मिसळलेलं असतं याचा भरवसा नाही आणि ही कातडी त्यासाठी नाही. तंबाखूचा खर्रा तिने ऑपरेशनच्या वेळी सोडला होता, तो सुटलेलाच राहू दे, हेही सांगितलं. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात.

पुढच्या भेटीत खपली निघून खालून गुलाबी कातडी आलेली दिसली. शेंड्यावर एक गडद डाग आहे. सर्जन म्हणतात, वर्षभर तरी जपा, मग त्या डागाचं बघू.

आता भाताची रोवणी येईल. तेव्हा आभाळ भरून असेल, गारवा असेल आणि ऊन नाही असं सगळ्यांना वाटेल. पण हवा गार असली तरी ढगांमधून अतिनील किरण येतच राहतात, आणि बांधीतल्या पाण्यावरून थोडे परतूनही येतात. वाकून रोवणाऱ्या बाईच्या तोंडावर ते खालून पडतात. तिथे बांबूचं कड पुरणार नाही. म्हणून सासूला सांगून ठेवलंय, ट्यूब संपत आली की फोन करा. आशाताई रोवणीच्या दिवसांत सकाळी त्यांच्या घरावरून जातात. त्या रोज बघतील.