उन्हं उतरेपर्यंत कशेळीत

मे महिन्यात मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना कोकण दिसतच नाही. पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसतात आणि हॉटेलांपुढची गर्दी. म्हणून यंदा रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडला आणि खालचा सागरी मार्ग धरला. पावस, पूर्णगड, मुचकुंदीची खाडी, गावखडीचं सुरूचं बन. काही ठिकाणी रस्ता इतका अरुंद की समोरून एसटी आली की आपण कडेला थांबायचं. मला हे थांबणं मनापासून आवडतं. कडेच्या जाळीतली करवंदं थांबल्याशिवाय दिसत नाहीत.

कशेळीला एका घरी जेवणाखाण्यासकट उतरलो. कनकादित्याचं दर्शन सकाळीच झालं. समुद्रमार्गे आलेली सूर्याची मूर्ती देवघळीच्या कड्यातल्या गुहेत ठेवली गेली आणि पुढे कनका नावाच्या भक्तिणीमुळे गावात आली, अशी इथली कथा आहे. लाकडी खांबांचं, उतरत्या छपराचं हे देऊळ भर उन्हातही गार असतं.

तिथून तसंच सड्यावर, म्हणजे गावाजवळच्या उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्प बघायला निघालो होतो, तर उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी अडवलं. "आत्ता जाऊन काय दिसणार? पाय तेवढे भाजतील. उन्हं उतरू देत, मग हे नेतील तुम्हाला."

मग ती आख्खी दुपार त्यांच्या घरी गेली. कुळथाचं पिठलं, भात, फणसाची भाजी, सोलकढी. जेवण झाल्यावर काका माळ्यावरची आंब्याची अढी बघायला गेले, मीही मागोमाग. पेंढ्यात हात घालून ते एकेक फळ काढत, देठाशी नाक नेत आणि अंगठ्याने जरासं दाबत. तयार झालेला टोपलीत, बाकीचे उलटून परत पेंढ्यात. डाग पडलेला दिसला की लगेच बाजूला, कारण एक नासका शेजारच्यांनाही नासवतो. घाई नाही की बोलणं नाही. पेंढ्याच्या उबेत तो वास इतका दाटला होता की मी नुसती बसून राहिले. इतकी निवांत दुपार मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती.

साडेचारनंतर सड्यावर गेलो. जांभ्याचा काळपट कातळ, वाळलेलं गवत, वारा. काकांनी बोट केलं तरी आधी काही कळेना. मग तिरप्या उन्हात एकेका खोदरेषेत सावली भरत गेली आणि सोंड दिसली. सोंडेवरून पाठ, पाठीवरून पाय. हत्तीच तो, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद! त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं यांची कितीतरी चित्रं. माझ्या अंगावर काटा आला. हजारो वर्षांपूर्वी याच कातळावर बसून कुणीतरी जांभा कोरत होतं आणि त्याच्या डोळ्यांपुढे एवढा मोठा हत्ती सबंध होता.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकुरदेसाई या अभ्यासकांनी रत्नागिरी-राजापूरचे सडे पायी तुडवून अशी शेकडो चित्रं उजेडात आणली. २०२२ साली कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा ९ ठिकाणांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेलं. तरीही मला काळजी वाटते. यातले कितीतरी सडे खाजगी मालकीचे आहेत आणि हा कातळ फोडून बांधकामाचे चिरे काढणाऱ्या चिरेखाणीतून हातात रोख पैसा पडतो. चित्र राखणाऱ्या मालकाला त्यातून चार पैसे मिळायलाच हवेत. नुसत्या अभिमानावर कुणाचं घर चालत नाही. आम्ही होतो तेवढ्यात एक कुटुंब बूट घालूनच हत्तीवर उभं राहून फोटो काढायला लागलं. काकांनी हात जोडून त्यांना खाली उतरवलं. मला त्या लोकांचा फार राग आला.

पुढे आडिवरे, नाटे, जैतापूर करत विजयदुर्गापर्यंत गेलो. सगळं छान होतं, पण मन सड्यावरच होतं.

जाणार असाल तर दुपार टाळा, गावातलं माणूस सोबत घ्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. आमच्या काकांनी काही केल्या घेतले नाहीत. शेवटी काकूंकडून कोकम आगळाच्या बाटल्या घेतल्या, त्यांचेच काय ते पैसे देता आले.