उघडा नळ

दुपारी जरा आडवी झाले होते, डोळा लागतोय न लागतोय तोच कुठेतरी नळ चालू राहिल्याचा आवाज. उठले. बाथरूम बघितलं, सिंक बघितलं, बाल्कनीतला नळ उगाच एकदा पिळला, सगळं ठणठणीत कोरडं. मग लक्षात आलं, बटणचा फिल्टर. आठवड्यातली ही चौथी का पाचवी फेरी, आणि दरवेळी फिल्टर आठवतो तो शेवटीच.

बटण म्हणजे कासव. कानाजवळ लाल पट्टा असतो ना, ते स्लायडर. भाची हॉस्टेलला गेली आणि जाताना 'मावशी, थोडेच दिवस' म्हणून टबासकट माझ्याकडे ठेवून गेली. आलं तेव्हा शर्टाच्या बटणाएवढं होतं म्हणे (तिला सगळं वाढवून किंवा लहान करून सांगायची सवय आहे), आता पाठ ४ इंच भरते. पाठीच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी असा एक ढोबळ हिशोब आहे, म्हणून टब गेला आणि ४ फुटी टाकी आली. मादी निघाली तर १० इंचांच्या वर जाईल, तेव्हाचं तेव्हा बघू. टाकीवर उन्हाचा दिवा, त्याखाली अंग वाळवायला फळी, आणि खालच्या कपाटात तो डबा फिल्टर, टाकीतल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठी बनवलेला. कारण हा प्राणी पाण्यातच खातो, पाण्यातच करतो, आणि पाण्याशिवाय त्याला नीट गिळताही येत नाही.

माशांची टाकी गळ्यापर्यंत भरता येते. इथे भरली तर साहेब काठावर पुढचे पंजे टेकवून बाहेर. म्हणून पाणी दोन तृतीयांशच, आणि फिल्टरचं परतीचं पाणी वीतभर उंचीवरून धो धो पडतं. चोवीस तास.

आता हे मी सहन करायचं म्हणजे काय, ते आमच्या घरात वाढलेल्यालाच कळेल. बाबांना ठिबकता नळ चालत नसे. रात्री दोन वाजताही. आधी चपलांची फरफर, मग नळ आवळल्याची कुरकुर, मग पाच मिनिटं शांतता, की परत टप्. वॉशर गेलेला असायचा, आवळून काय होणार. शेवटी एका रात्री त्यांनी सुतळीचा तुकडा नळाच्या तोंडाला बांधला आणि दुसरं टोक खालच्या बादलीत सोडलं. थेंब सुतळीवर उतरायचा, एकेक, मण्यासारखा, खालपर्यंत घसरत जायचा, आवाज नाही. मी पेंगत दारात उभी, ते उकिडवे बसून बघतायत. बराच वेळ बघत होते. नळ दुरुस्त केल्यावरही इतके खूश झाले नव्हते.

तर मी पण दोरा बांधला. बटणने तो गांडूळ समजून पाच मिनिटांत तोंडात धरला आणि ओढायला लागलं, माझ्या हाताला घाम फुटला, पोटात गेला असता तर केवढ्याला पडलं असतं. दोरा काढला. मग नळीचं तोंडच काचेकडे वळवलं. पाणी काचेवरून पसरत खाली, एकदम चिडीचूप. बाबांची आठवण काढत झोपले.

आणि अडीचला जाग आली. का, तर आवाज नाही. फिल्टर बंद पडला या भीतीने धावले, कारण फिल्टर म्हणजे नुसती गाळणी नाही, आतल्या स्पंजात आणि सिरॅमिकच्या रिंगांवर जिवाणू वस्तीला असतात, तेच कासवाच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं बरंच कमी घातक नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला ४ ते ६ आठवडे जातात, आणि वाहतं पाणी थांबलं तर काही तासांत ती गुदमरायला लागते. शिवाय मी आधीच एकदा शहाणपणा करून बसलेय. स्पंज काळा दिसला म्हणून नळाखाली चोळून चोळून पांढरा केला, क्लोरीनने सगळी वस्ती साफ. दोन दिवसांनी टाकीतलं पाणी दिसायला आरशासारखं, आणि अमोनियाच्या टेस्टच्या बाटलीत पिवळ्याऐवजी गडद हिरवं, म्हणजे अमोनिया चढलेला. घाण स्वच्छ ठेवायची असते, म्हणजे टाकीतूनच काढलेल्या पाण्यात नुसती खळबळायची, हे माझ्यासारख्या बाईला पचायला जड गेलं.

फिल्टर चालूच होता. कपाटावर हात ठेवला तर बारीक थरथर. बटण तळाशी मान आत घेऊन झोपलेलं, मला काय झालंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

नळी परत वळवली, पूर्ण नाही, अर्धी. थोडं पाणी काचेवर, थोडं धो धो. आवाज आला तसं बरं वाटलं. जाता जाता बाथरूमचा नळ तेवढा बघून आले.