स्नोब्लोअर मी दोनदा विकत घेतला, त्याची हकिगत

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर हे शहर ऑन्टारिओ सरोवराच्या दक्षिण काठाला आहे. हिवाळ्यात सरोवराच्या उघड्या पाण्यावरून येणारे थंड वारे बाष्प उचलतात आणि काठावर पोहोचताच बर्फ टाकतात. त्यामुळे येथे एका हिवाळ्यात सरासरी सुमारे 100 इंच बर्फ पडतो. भाड्याच्या घरात होतो तोवर तो उपसण्याची जबाबदारी घरमालकाची होती. चार वर्षांपूर्वी आम्ही स्वतःचे घर घेतले आणि सत्तर फुटी ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतची गाडीवाट, माझ्या वाट्याला आला. पहिल्या दोन बर्फांना फावडे पुरले. त्यानंतर नगरपालिकेचा बर्फ बाजूला सारणारा नांगर रस्ता साफ करताना आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी कमरेइतका टणक ढीग लावून गेला आणि त्याच रात्री पत्नी म्हणाली, "आता यंत्र घेऊन टाक, कंबर मोडायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी संध्याकाळी सातला एका मोठ्या साखळी दुकानात गेलो, दाराशीच ओळीने उभ्या केलेल्या दोन टप्प्यांच्या स्नोब्लोअरपैकी, म्हणजे बर्फ उचलून दूर फेकणाऱ्या यंत्रांपैकी, 28 इंच रुंदीचा एक निवडला, दुकानाचाच ट्रक तासाच्या भाड्याने घेतला आणि नऊच्या आत यंत्र घरी आणले. खरेदी इतकी सोपी झाली याचे त्या रात्री मला समाधान वाटले होते. मला कोणीही एकही प्रश्न विचारला नाही, आणि मलाही काही विचारायचे सुचले नाही.

पुढे जे घडले ते समजण्यासाठी यंत्राची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. दोन टप्प्यांच्या स्नोब्लोअरमध्ये पुढे ऑगर असतो, म्हणजे आडव्या दांड्यावर बसवलेली दातेरी, मळसूत्री पाती; ती बर्फ फोडून मधोमध ओढतात. त्यामागचा इंपेलर नावाचा पंखा तो बर्फ वरच्या नळकांड्यातून दूर फेकतो. ऑगरची दोन्ही पाती दांड्याला शिअर पिन नावाच्या मुद्दाम मऊ ठेवलेल्या खिळ्यांनी जोडलेली असतात. बर्फात दगड किंवा लाकूड अडकले की हा खिळा तुटतो, पाती जागीच थांबतात, दांडा मोकळा फिरतो आणि मधला गिअरबॉक्स वाचतो. थोडक्यात, खिळा तुटावा म्हणूनच बसवलेला असतो.

हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. जानेवारीत एका रविवारी संध्याकाळी पहिला खिळा तुटला तेव्हा मी त्याच दुकानात गेलो. त्या मॉडेलचे खिळे संपले होते. नटबोल्टच्या विभागातील कर्मचाऱ्याने मात्र मनापासून मदत केली. माझ्या हातातील तुटका तुकडा पाहून त्याने त्याच जाडीचा, ग्रेड आठचा, म्हणजे पोलादी आणि अतिशय टणक बोल्ट शोधून दिला आणि हा आता कधी तुटणार नाही असे सांगितले. ते खरेच ठरले. दहा दिवसांनी नांगराने लावलेल्या ढिगात गोठून दगड झालेली वर्तमानपत्राची गुंडाळी ऑगरमध्ये अडकली, बोल्ट तुटला नाही, आणि गिअरबॉक्सच्या ओतीव कवचाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तडा गेला.

त्यानंतरचे तीन आठवडे फोनवर गेले. दुकानाने यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक दिला, कंपनीने अधिकृत दुरुस्ती केंद्राचे नाव दिले, आणि ते केंद्र म्हणजे बारा मैलांवरचा एक स्वतंत्र डीलर निघाला. त्याने सांगितले की यंत्र आणून ठेवा, पण आमच्याकडून घेतलेल्यांची यंत्रे आधी होतील. चुकीच्या बोल्टमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही असे कंपनीने कळवले, आणि नियमाने पाहता त्यांचे म्हणणे बरोबरच होते. दुरुस्तीचा अंदाज 380 डॉलर आला. तो महिना मी पुन्हा फावड्यावर काढला.

तेव्हा मला त्या डीलरचा फार राग आला होता. यंत्र आणायला गेलो त्या दिवशी त्याच्या मेकॅनिकने आणखी एक गोष्ट दाखवली आणि राग ओसरला. ऑगर चालवण्यासाठी दाबून धरायची मूठ सोडल्यावर पाती पाच सेकंदांच्या आत थांबली पाहिजेत, असे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. माझ्या यंत्राची पाती मूठ सोडली तरी सावकाश फिरतच राहत होती, कारण तिची केबल पहिल्या दिवसापासून गरजेपेक्षा जास्त ताणून बसवली होती. अडीच महिने मी त्याच यंत्रासमोर वाकून, नळकांड्यात अडकलेला बर्फ काठीने काढत होतो. इंजिन बंद करूनच काढत होतो, एवढे खरे. पण माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि हे काम मलाही करू दे म्हणून रोज मागे लागत होता. ते आठवले की आजही अंगावर काटा येतो.

मी तासगाव तालुक्यातला. किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर असूनही बाबांनी विहिरीवरची मोटर नेहमी गावच्या बाजारपेठेतील एकाच दुकानातून घेतली, कारण मोटर जळाली की त्याच दुकानदाराचा माणूस सायकलवरून येऊन ती उतरवून नेत असे आणि पाण्याच्या पाळीच्या आत तिची तार नव्याने गुंडाळून परत बसवत असे. बाबा दुकानदाराशी भावासाठी घासाघीस करत, पण दुकान बदलत नसत. माझा दुरुस्त केलेला स्नोब्लोअर मी वसंतात विकला, आणि नव्याची खरेदी बाबांच्या पद्धतीने करायची ठरवली.

ऑगस्टमध्ये, म्हणजे बर्फाची कोणालाही आठवण नसताना, मी आसपासच्या तीन स्वतंत्र डीलरांकडे गेलो. पहिल्याने मान वर न करता माहितीपत्रक पुढे सरकवले. स्वतंत्र डीलर म्हणजे आपोआप चांगला, असा समज कोणी करून घेऊ नये म्हणून हे नोंदवतो. दुसऱ्याचे दुकान चांगले होते, पण मागे कार्यशाळा नव्हती. दुरुस्तीची यंत्रे तो दुसरीकडे पाठवत होता. तिसऱ्याच्या काउंटरमागील दार उघडे होते आणि आत गवत कापण्याची सुमारे वीस यंत्रे रांगेत उभी होती, प्रत्येकाच्या मुठीला तारीख आणि तक्रार लिहिलेली चिठ्ठी बांधलेली. त्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा मी वाचल्या. सर्वांत जुनी नऊ दिवसांपूर्वीची होती. माझा निर्णय तिथेच निम्मा झाला.

मालकीणबाई साठीच्या होत्या. त्यांनी यंत्र दाखवण्याआधी प्रश्न विचारले: ड्राइव्हवे डांबरी की खडीचा, उतार कोणत्या बाजूला, बर्फ टाकायला जागा एका बाजूला की दोन्ही, शेडचे दार किती रुंद, नांगर ढीग कुठे लावतो, आणि घरात आणखी कोण यंत्र चालवणार. शेवटच्या प्रश्नाला मी पत्नीचे नाव सांगितले तेव्हा त्यांनी तिची उंची विचारली. मी 28 इंची मागत होतो. त्यांनी 24 इंची सुचवले. त्यांचे म्हणणे असे की त्याच ताकदीचे इंजिन कमी रुंदीच्या तोंडाला अधिक जोर देते, तुमची खरी अडचण ड्राइव्हवेच्या तोंडाशी असलेल्या टणक ढिगाची आहे, आणि जड यंत्र वळवताना तुमच्या पत्नीला त्रास होईल. त्यांनी मला तीनशे डॉलरने स्वस्त यंत्र विकले.

किमतीबाबतचा माझा समज येथे पूर्ण चुकीचा ठरला. डीलर महाग असणारच असे धरून मी गेलो होतो. प्रत्यक्षात तेच मॉडेल साखळी दुकानात जितक्याला होते तितक्यालाच येथेही होते, कारण अनेक कंपन्या जाहिरातीतील किमान किंमत स्वतःच ठरवून देतात. फरक दिसतो तेथे बहुधा मॉडेलचा क्रमांकच निराळा असतो. वरून रंग आणि नाव सारखे, पण एकात इंजिन मोठे, दुसऱ्यात लहान; एकाचे नळकांडे पत्र्याचे, दुसऱ्याचे प्लास्टिकचे; एकाच्या दांड्याला बॉल बेअरिंग, दुसऱ्याला साधे बुश. म्हणून दोन दुकानांतील किमतींची तुलना करताना क्रमांकातील शेवटचे अक्षरही जुळते का, ते पाहावे. मात्र क्रमांक तंतोतंत एकच असेल तर साखळी दुकानातील यंत्र मुळातच हलके असते, ही सर्रास ऐकू येणारी गोष्ट मला पटत नाही. यंत्र त्याच कारखान्यातून येते. ते खोक्यातून काढून कोण जोडतो आणि जोडताना किती वेळ देतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

ते जोडताना मला पाहता आले, कारण बाईंनी आपण होऊन मला बोलावले. मेकॅनिकला त्यासाठी पाऊण तास लागला. त्याने प्रथम चाकांतील हवा मोजली. वाहतुकीसाठी ती जास्त भरलेली असते आणि दोन चाकांत कमीजास्त राहिली तर यंत्र एका बाजूला ओढते, हे मला तेव्हा समजले. मग त्याने शिअर पिना काढल्या, ऑगरची पाती हाताने दांड्यावर गोल फिरवून पाहिली आणि ग्रीसगनने आत ग्रीस भरले. ते का, असे मी विचारले. पाती गंजून दांड्याला चिकटली तर खिळा तुटूनही पाती दांड्याबरोबर फिरतच राहतात आणि गिअरबॉक्स जायचा तो जातोच, असे त्याने सांगितले. माझ्या पहिल्या यंत्रात योग्य खिळा असता तरी तो वाचला असता की नाही, असा प्रश्न त्या क्षणी मनात आला. त्यानंतर त्याने तोंडाच्या तळपट्टीखाली दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या सरकवल्या आणि त्यावर यंत्र टेकवून बाजूचे घसरपाय, म्हणजे तोंड जमिनीपासून थोडे वर ठेवणारे आधार, घट्ट केले. शेवटी इंजिन सुरू करून ऑगरची मूठ दाबली, सोडली आणि मोठ्याने आकडे मोजले. दोन म्हणायच्या आत पाती थांबली होती. मग त्याने तेच माझ्याकडून करून घेतले, आणि पुढच्या शनिवारी पत्नीकडूनही.

पेट्रोलविषयी त्याने जे सांगितले ते एकट्यानेच खरेदीचे श्रम वसूल करणारे होते. येथील पंपांवरील साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल शोषते, आणि पेट्रोल टाकीत महिनाभर पडून राहिले की कार्बोरेटरच्या सुईएवढ्या छिद्रांत त्याची राळ साचू लागते. जानेवारीत सुरू न होणाऱ्या यंत्रांपैकी बहुतेक त्याच्याकडे याच कारणाने येतात, असे तो म्हणाला. 15 टक्के इथेनॉलचे पेट्रोल अशा लहान इंजिनांत घालण्यास तर येथे कायद्यानेच मनाई आहे; पंपावर तशी पिवळी-नारिंगी चिठ्ठी असते आणि मी ती कधी वाचली नव्हती. त्याचा सल्ला असा: पेट्रोल थोडे आणावे, आणले त्याच दिवशी त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारे रसायन, घालावा, आणि मोसम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

डीलरकडे जाण्याची किंमत नसते असे नाही. दुकान शनिवारी एक वाजता बंद होते आणि रविवारी उघडतच नाही, त्यामुळे मला दोनदा अर्धी रजा टाकावी लागली. घरपोच आणण्याचे 40 डॉलर वेगळे पडले. पेट्रोल घातलेले यंत्र ते परत घेत नाहीत, याउलट साखळी दुकानात बहुधा 30 दिवसांची मुदत मिळते. निवडीलाही मर्यादा असते, कारण डीलर दोनतीन कंपन्यांचीच यंत्रे ठेवतो आणि कंपनीने हात काढून घेतला की त्याचीही अडचण होते. होंडाने 2023 मध्ये अमेरिकेत गवत कापण्याची यंत्रे बनवणे थांबवले तेव्हा बाईंच्या दुकानातील एक अख्खी भिंत रिकामी झाली होती. बॅटरीवर चालणारे लहान ट्रिमर किंवा पाने उडवणारे यंत्र मी आजही मोठ्या दुकानातूनच आणतो. त्यांत जोडण्यासारखे काही नसते आणि बिघडले तर सरळ बदलून मिळते. इंजिनावर चालणाऱ्या करवतीसारखी (चेनसॉ) वस्तू असेल तर मात्र मी पुन्हा बाईंकडेच जाईन. स्टील या जर्मन कंपनीने अमेरिकेत आपल्या करवती वर्षानुवर्षे होम डेपो आणि लोज या दोन्ही मोठ्या साखळ्यांना दिल्या नाहीत, उलट तशी जाहिरातही केली. त्यामागचे कारण मला आता पूर्ण पटते.

बाईंना मी एकदा त्या जुन्या रागाविषयी विचारले. दुसऱ्याने विकलेली यंत्रे मागे का ठेवता? त्यांनी न चिडता हिशेब सांगितला. वॉरंटीच्या कामाचे तास कंपनी ठरवते आणि त्याच दराने पैसे देते, ते मेकॅनिकच्या प्रत्यक्ष वेळेला पुरत नाहीत. जानेवारीत दोन माणसे आणि चाळीस यंत्रे असतात. आणि ज्यांच्या खरेदीवर दुकान चालते त्यांना थांबवून ठेवले तर पुढच्या वर्षी दुकानच राहणार नाही. या उत्तरात मला काही खोट काढता आली नाही.

यंत्र देताना मेकॅनिकने मुठीखालच्या दांड्याला प्लास्टिकची एक छोटी पिशवी टेपने चिकटवली होती. तिच्यात चार शिअर पिना आणि एक पाना होता. गेल्या फेब्रुवारीत, पहाटे साडेपाचला, उणे 14 अंशांत, ड्राइव्हवेच्या तोंडाशी खट्कन आवाज झाला आणि उजवीकडची पाती फिरायची थांबली. बागेच्या कडेचा एक दगड नांगराने ढिगात ओढून आणला होता. मी इंजिन बंद केले, किल्ली काढून खिशात टाकली, काठीने दगड बाहेर काढला आणि टॉर्च मुलाच्या हातात देऊन नवा खिळा बसवला. सहा वाजून दहा मिनिटांनी ड्राइव्हवे मोकळा झाला होता. पिशवीत आता तीन उरले आहेत.