आमची वाटचाल : लेथवरून पेलेटच्या डबीपर्यंत

पर्वती इंडस्ट्रियल इस्टेटमधला आमचा गाळा बाबांनी जॉबवर्कसाठी घेतला. बुश, पिना, स्पेसर, भोसरीहून येईल ते काम. डिप्लोमा झाल्यावर मीही तिथेच लेथला उभी राहिले. बंदुकीशी घरात कुणाचा संबंध नव्हता.

2012 च्या पावसाळ्यात लंडन ऑलिंपिकमध्ये गगन नारंगला एअर रायफलचं कांस्य मिळालं, त्याच सुमारास शेजारच्या गाळ्यातल्या काकांची मुलगी तिची एअर रायफल घेऊन आली. ती बालेवाडीला सराव करायची. गाल टेकवायची पट्टी वर-खाली करायच्या स्क्रूचे आटे गेले होते. बाबांनी नवा स्क्रू काढून दिला, पैसे घेतले नाहीत. महिन्याभरात तिच्या तीन मैत्रिणी आल्या. त्यांच्याकडून घेतले.

खरा धंदा मात्र पेलेटनी, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या बारक्या गोळ्यांनी दिला. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. 2013 पासून पात्रता फेरीतही दशांश गुण धरायला लागले. त्याआधी 10.0 काय न् 10.9 काय, दोन्ही दहाच. मग एकेका दशांशासाठी पोरं डोकं खाऊ लागली. पेलेट साडेचार मिलिमीटरचं, वजन साधारण 0.53 ग्रॅम. मला वाटलं, वजन सारखं केलं की झालं. मिलिग्रॅमचा काटा आणला, रात्र-रात्र बसून पाचशे-पाचशेच्या डब्या निवडल्या. फरक पडला, पण नावापुरता. डोक्याचा व्यास 4.49 की 4.50, मागचा घेर दबलाय का, आणि मुख्य म्हणजे लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेली खेप, कुठला, यावर सगळं असतं. कंपनी तीच, डबी तीच, पण लॉट बदलला की एखाद्या रायफलची नळी रुसते.

म्हणून रायफल घट्ट धरून ठेवणारा शिकंजा बनवला. प्रत्येक लॉटच्या दहा गोळ्या एकाच जागी मारायच्या आणि भोकांचा पसारा व्हर्नियरने मोजायचा. गाळा आठ मीटरचा, त्यामुळे लक्ष्य मागच्या मोरीत. टेस्टिंग चालू असताना मोरीला बाहेरून कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात, हा नियम आजही आहे.

दोन चुका माझ्याच. एकदा वीस डब्या स्कूटरच्या डिकीतून आणल्या. सातारा रोडचे स्पीडब्रेकर आणि मऊ शिसं! उघडून पाहिलं तर निम्म्यांचे घेर चेपलेले. दुसरी चूक जास्त लागली. एका मुलीला जमलेला लॉट संपला होता आणि मी ‘सारखाच आहे गं’ म्हणत दुसरा दिला. स्पर्धेहून आल्यावर ती एवढंच म्हणाली, “काकू, सांगायचं होतंत.” तेव्हापासून प्रत्येकाचा लॉट नंबर वहीत असतो आणि संपत आला की आम्हीच फोन करतो.

2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेचं रायफल नेमबाजीतलं पदक आलं आणि फोन वाढले. काही जण विचारतात, काडतुसं भरून देता का? नाही. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, आणि शिकारीचं म्हणाल तर ती 1972 च्या कायद्याने केव्हाच बंद झाली. परदेशात लोक घरी दारू तोलून काडतुसं भरतात, हे खरं. पण स्वप्नीलच्या पन्नास मीटर रायफल प्रकारातलं पॉइंट टू टू (.22 इंची) काडतूस तिथेही कुणी भरत बसत नाही; पेट घेणारा मसाला त्याच्या कडेतच असतो. तिथेही लॉटच तपासून घेतात.

टेस्टिंगला येताना रायफल स्वतःची आणा, तिचा हवेचा सिलिंडर भरलेला आणि त्याची मुदत बघून. आदल्या रात्री नळी साफ करू नका. पहिल्या काही गोळ्या उगाच भरकटतात. आणि शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय चहा मिळणार नाही.