तीन शहरं आणि एक प्रीपेड कार्ड

व्हिएन्नाच्या हॉटेलात पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. रिसेप्शनवर अनामत रकमेसाठी कार्ड मागितलं आणि मी निघण्याआधी युरो भरून घेतलेलं प्रीपेड कार्ड पुढे केलं. तिथेच चुकलं. भाडं आधीच भरलेलं होतं, पण अनामतीपोटी कार्डावरचा जवळजवळ चौथा हिस्सा ब्लॉक झाला. ब्लॉक झालेले पैसे हॉटेल सोडल्यावर परत मिळतात हे खरं, पण लगेच नाही. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा कमी होते. प्रीपेडवर मात्र हातखर्चाचेच पैसे अडकतात. गाडी भाड्याने देणारे तर अनामतीला असं कार्ड बऱ्याचदा घेतच नाहीत. दुसऱ्या मुक्कामापासून मी अनामतीला क्रेडिट कार्ड देऊ लागले.

बाकी व्हिएन्नात या कार्डाने छान साथ दिली. युरो भरले त्याच दिवशी भाव पक्का झाला होता, त्यामुळे रोज दर बघत बसावं लागलं नाही. कला संग्रहालयात आई ब्रॉयगलच्या चित्रांसमोर तासभर बसून होती. तिकिटं काढताना मनात हिशोब घोळत नव्हता, हे सुख मोठं आहे.

खरी परीक्षा प्रागमध्ये झाली. चेकिया 2004 पासून युरोपीय संघात आहे, पण चलन अजून कोरुना. माझ्या कार्डात फक्त युरो, म्हणजे ट्रामच्या डब्यातल्या यंत्रावर कार्ड टेकवलं तरी युरोचे कोरुना होणार आणि त्यावर 3.5 टक्के शुल्क लागणार. जुन्या शहरातल्या एटीएमने विचारलं, युरोत घ्यायचे की कोरुनात? कार्ड युरोचं, म्हणून बोट युरोकडेच चाललं होतं.

"थांब गं, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच," आई म्हणाली.

युरोपीय केंद्रीय बँकेच्या दरापेक्षा हे यंत्र किती टक्के जास्त लावतंय, ते तिथे लिहिलेलं होतं. असं दाखवणं संघाच्या नियमानुसार 2020 पासून सक्तीचं आहे. तो आकडा माझ्या 3.5 टक्क्यांच्या कितीतरी वर होता. मी कोरुना निवडले. यंत्राने 'नक्की?' असं पुन्हा विचारलं, पुन्हा कोरुनाच. बुडापेस्टला हंगेरीचं चलन फोरिंट काढतानाही हेच केलं. यंत्राचा दर मान्य करणारं हिरवं बटण घाईत दाबू नका, इतकं मी प्रत्येकाला कळवळून सांगते.

बुडापेस्टमध्ये 1896 सालच्या मेट्रोतून बाहेर पडताना कार्ड खिशात सापडेना. अ‍ॅपवर दोन मिनिटांत लॉक केलं आणि आईच्या पिशवीतलं जोडकार्ड, म्हणजे त्याच खात्याचं दुसरं कार्ड, काढलं. खात्यात भरलेले तेवढेच पैसे धोक्यात होते, घरची सगळी पुंजी नव्हे, म्हणून हातपाय गळाले नाहीत. कार्ड संध्याकाळी कोटाच्या अस्तरात सापडलं.

व्हिएन्नाची अनामत सुटल्याचा मेसेज घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी आला. उरलेले युरो रुपयांत परत घेतले असते तर बँकेच्या त्या दिवशीच्या खरेदी दराने तोटा झाला असता. कार्डाची मुदत अजून तीन वर्षं आहे, म्हणून ते युरो तसेच ठेवलेत. आईला आता साल्झबर्ग बघायचंय.