सीट हीटरची नोंद : तार शाबूत, तरीही सीट थंड

चालकाच्या सीटचा हीटर मध्येच का थांबतो, याचे कारण अखेर हाती लागले आहे, आणि ते सीटच्या आत नसून सीटखाली कार्पेटला टेकलेल्या कनेक्टरमध्ये आहे. मागच्या नोंदीत बैठकीच्या डाव्या कडेला तुटलेली तापक तार क्रिंप करून, म्हणजे धातूची छोटी नळी तारेवर दाबून, जोडल्याचे लिहिले होते. त्यानंतर गॅरेजमध्ये सीट उत्तम तापली. ऑन्टारियोच्या थंडीत गाडी रस्त्यावर आली की मात्र बटणावरचे तिन्ही दिवे लागत आणि सीट जेमतेम कोमट होते न होते तोच प्रवाह बंद होई. दिवे तसेच राहत, दोषसंकेत एकही नोंदवला जात नसे.

आपल्यापैकी अनेकांचा पहिला संशय त्या जोडावर होता आणि तो रास्तच होता. तापक तारेच्या जोडात अर्धा ओहम जरी जास्तीचा रोध राहिला, तरी साडेचार अँपिअर प्रवाहाला त्या एका बिंदूवर दहा वॅट उष्णता निर्माण होते आणि फोम करपायला तेवढी पुरेशी असते. म्हणून इंजिन चालू ठेवून, पूर्ण प्रवाह वाहत असताना जोडाच्या दोन्ही बाजूंमधील विद्युतदाब मोजला. तो २० मिलिव्होल्ट भरला, म्हणजे जोडाचा रोध चार-साडेचार मिलिओहम आणि तिथली उष्णता दहाव्या हिश्श्याच्या वॅटइतकी. हे वाचन पाहून फार समाधान वाटले. या मिश्रधातूच्या तारेवर साधे कथील नीट धरत नाही आणि धरलेच तर जोडाशेजारची तार ताठ होऊन पुन्हा तिथेच तुटते, म्हणून क्रिंपचा आग्रह मी पूर्वीही धरला होता आणि आता तो अधिक ठामपणे धरतो. बैठक आणि पाठ मिळून रोध ३.१ ओहम आहे आणि १३.८ व्होल्टला साधारण ६१ वॅट मिळतात. थोडक्यात, तापणाऱ्या भागाबद्दल आता कोणतीही शंका उरलेली नाही.

राहिला तापमान मोजणारा एनटीसी सेन्सर, म्हणजे तापमान वाढले की ज्याचा रोध उतरतो तो. आपल्या सीटमध्ये २५ अंशांना १० किलोओहमचा नेहमीचा सेन्सर आहे. गॅरेजमध्ये २० अंशांच्या आसपास तो साडेबारा किलोओहम दाखवत होता, हातात धरल्यावर रोध हळूहळू उतरत होता, आणि बैठकीवर गुडघा दाबून वाचन उडते का हेही पाहिले. ते उडाले नाही. त्यामुळे सेन्सरही निर्दोष ठरला आणि मी जवळजवळ मॉड्यूल, म्हणजे सेन्सर वाचून हीटरचा प्रवाह चालू-बंद करणारा नियंत्रक, बदलण्याच्या निर्णयाप्रत आलो होतो.

कोंडी फुटली ती स्कॅनरमुळे. गाडीच्या निदान-सॉकेटला लावायचा साधा ओबीडी वाचक इंजिन आणि उत्सर्जनाची माहिती देतो, सीटच्या मॉड्यूलपर्यंत तो पोहोचत नाही. त्यासाठी गाडीच्या उत्पादकाची संकेतप्रणाली जाणणारे उपकरण लागते. एका मित्राकडून तसे उपकरण आणून सीटचे तापमान थेट पाहिले. बाहेर उणे दहा अंश असताना, रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीची सीट मॉड्यूलला ४९ अंशांवर असल्यासारखी दिसत होती! मॉड्यूल बिचारे आपले काम चोख करत होते. सीट पुरेशी तापली आहे असे समजून ते प्रवाह थांबवत होते. सेन्सरची तार तुटली असती किंवा दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या असत्या तर वाचन अशक्य कोटीतले ठरून दोषसंकेत आला असता. ४९ अंश हे वाचन खोटे असले तरी शक्य कोटीतले आहे, म्हणून यंत्रणा गप्प राहिली.

आता गणित सरळ झाले. उणे दहा अंशांना या सेन्सरचा रोध पन्नास किलोओहमच्या वर असायला हवा, तर ५० अंशांना तो सुमारे ३.६ किलोओहम असतो. सेन्सर खरे सांगत असूनही मॉड्यूलला इतका कमी रोध दिसत असेल, तर त्या दोन तारांमध्ये कुठेतरी चार किलोओहमच्या आसपासची समांतर वाट निर्माण झालेली असणार. बॅटरी सोडवली, एअरबॅगच्या यंत्रणेतला साठलेला भार उतरावा म्हणून मार्गदर्शिकेत दिलेला वेळ थांबलो, सीट मागे झुकवली, सीटचा आणि मॉड्यूलचा असे दोन्ही प्लग काढले आणि मधल्या, कशालाही न जोडलेल्या हार्नेसच्या, म्हणजे तारांच्या जुडग्याच्या, सेन्सरच्या दोन पिनांमध्ये रोध मोजला. तिथे अनंत रोध दिसायला हवा होता. मीटर मात्र तीन ते पाच किलोओहमच्या दरम्यान हेलकावे खात होता आणि सुया उलटसुलट केल्या की आकडा बदलत होता. ही खूण मनात पक्की करून ठेवावी, असे मी सर्वांना आवर्जून सांगेन : तांब्याच्या तारेचा किंवा कार्बनच्या रोधकाचा आकडा सुया उलटवल्याने बदलत नाही, खारट ओलाव्याचा बदलतो, कारण तिथे पिनांचे धातू आणि मीठ मिळून एक क्षीण विद्युतघट तयार झालेला असतो.

कनेक्टर उघडल्यावर आत हिरवट थर होता आणि खालचा कार्पेटचा फोम दाबल्यावर पाणी वर येत होते. बुटांना लागून आलेला बर्फ वितळतो आणि रस्त्यावरचे मीठ घेऊन तिथे मुरतो. त्या मिठात कॅल्शियम क्लोराइडही असेल तर ते हवेतला दमट अंश शोषून घेते, त्यामुळे कोरड्या दिवशीही फोम पुरता वाळत नाही. गॅरेजमध्ये मात्र मी गरम हवेचा पंखा लावून काम करत असे आणि कनेक्टरची आतली बाजू तात्पुरती सुकून दोष नाहीसा होई. घरी शहाणी आणि रस्त्यावर हट्टी अशी ही सीट का वागत होती, त्याचा उलगडा असा झाला.

कनेक्टर ऊर्ध्वपातित पाण्याने धुतला, मऊ ब्रशने थर काढला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळवला. क्लीनरबद्दल माझे मत असे, की तो तेलकट मळावर चांगला चालतो, पण मिठावर आधी पाणीच हवे. नुसता फवारा मारला तर मीठ जागेवरच राहते. दोन पिना इतक्या झिजल्या होत्या की त्या ठेवण्यात अर्थ नव्हता. जुन्या गाड्यांच्या यार्डातून तारेच्या लांब शेपटीसह कापलेला तोच कनेक्टर स्वस्तात मिळाला. ऑनलाइन विक्रेते याच तुकड्याची शेपटी इतकी आखूड देतात की क्रिंप करायला जागा उरत नाही, म्हणून मी यार्डालाच पसंती देईन. नव्या पिना बसवल्यावर हार्नेसच्या दोन तारांमध्ये मीटरने अनंत रोध दाखवला, आणि पुढच्या गोठलेल्या सकाळी स्कॅनरवर सीटचे तापमान उणे आठ अंश दिसले. एवढ्या थंड आकड्याचा इतका आनंद मला यापूर्वी कधी झाला नव्हता. गाडी कामाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत हीटर अखंड चालला.

जुन्या तापक तारेऐवजी बसवायच्या कार्बन फायबरच्या तयार पॅडची मागणी अर्थातच रद्द केली आहे. मूळ बेत होता की कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारे) ग्रीस भरून तो होता त्याच जागी बसवायचा. ही नोंद लिहिता लिहिता तो बेत बदलतो आहे. ग्रीस पाणी लांब ठेवते, पण कनेक्टर ओल्या फोमवर टेकलेलाच राहणार असेल तर हा उपाय एखाद-दुसऱ्या हिवाळ्यापुरता ठरेल. त्यापेक्षा हीटरच्या दोन आणि सेन्सरच्या दोन अशा चार तारा वेगळ्या काढून त्यांना रबरी सील असलेला स्वतंत्र कनेक्टर द्यावा आणि तो सीटच्या चौकटीला वरच्या बाजूला बांधावा, असे आता वाटते. तारांना सीट पुढे-मागे सरकण्याइतकी सैल ठेवावी लागेल. शेजारच्या पिवळ्या, एअरबॅगच्या प्लगला मी हात लावणार नाही आणि त्यावर मल्टिमीटरही टेकवणार नाही. कोणीही टेकवू नये.

एक प्रश्न उरतो. फोममध्ये मुरलेले पाणी केवळ बुटांचे असेल, यावर माझा पूर्ण विश्वास बसत नाही, कारण ओल पायाखालच्या रबरी मॅटपेक्षा दाराच्या उंबरठ्याकडे जास्त आहे. शीतक द्रवाचा चिकटपणा किंवा गोडसर वास नाही, तेव्हा हीटर कोअर, म्हणजे केबिन तापवणारा शीतक द्रवाचा छोटा रेडिएटर, गळत असण्याची शक्यता कमी आहे. सनरूफचा पुढचा डावा निचरा तुंबला असण्याचा संशय आहे. पुढच्या सुट्टीच्या दिवशी उंबरठ्याची पट्टी काढून आत कागदी रुमाल पसरेन, सनरूफच्या खोबणीत थोडे थोडे रंगीत पाणी ओतेन आणि कोणता रुमाल आधी भिजतो ते पाहीन. तोवर कार्पेट उचलून ठेवले आहे आणि सीटचे कव्हर फोमला धरून ठेवणाऱ्या हॉग रिंगा (तारेच्या कड्या) घट्ट केलेल्या नाहीत.